साक्ष लिहिणारा हात



या अंकाचं संपादकीय कशावर लिहायचं यावरून आमच्या बैठकीत बराच वाद झाला. तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर लिहा. दिल्लीत काय ठरतं त्यावरच आपलं सगळं चालतं, असं त्यांचं मत. मी म्हटलं, आपण वीस-तीस वर्षं दिल्लीवरच लिहीत आलो. एकदा जिल्ह्याच्या कोर्टात खुर्चीवर बसणाऱ्या माणसावर लिहू या. त्यावर एकीनं विचारलं, "ताई, तुम्हाला आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांचं नाव तरी माहीत आहे का?" मला सांगता आलं नाही. बैठकीतल्या अकरा जणींपैकी कोणालाच सांगता आलं नाही. आणि आम्ही सगळ्या जणी तर वर्षातून दहा वेळा त्या आवारात जाणाऱ्या! सरकारी वकिलाचं नाव माहीत, पोलीस निरीक्षकाचं माहीत, चहावाल्याचंही माहीत. मग हाच विषय ठरला.

न्यायाधीश म्हणून खानदेशातल्या बायकांना आठवावं असं एक नाव आहे, मृदुला भाटकर. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती म्हणून त्या पुढे माहीत झाल्या, पण त्याआधीची सोळा वर्षं त्यांनी खालच्या न्यायालयात काढली. १९९३ साली त्या न्यायसेवेत आल्या, आणि सत्र न्यायाधीश म्हणून त्यांच्यापुढे जे खटले चालले त्यांत जळगाव प्रकरणातले खटले होते.

जळगाव प्रकरण म्हटलं की माझ्या पिढीच्या बायकांना आजही पोटात कसंतरी होतं. जुलै १९९४ मध्ये ते बाहेर आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना फूस लावून, फसवून, फोटो काढून, मग त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलावून घ्यायचं. हे काही वर्षं चाललं होतं. आरोपींत स्थानिक राजकारणातली वजनदार माणसं होती. तपासासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी अरविंद इनामदार आले, मीरां बोरवणकर आल्या. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं 'वासनाकांड'. आम्ही तेव्हाच म्हणत होतो की हा शब्द चुकीचा आहे. वासना कोणाची, कांड कोणाचं, आणि बदनामी कोणाची? बलात्कार आणि खंडणीच्या गुन्ह्याला 'कांड' म्हटलं की त्यात गुन्हेगार आणि मुलगी एकाच टोपलीत पडतात. पण तो शब्द चिकटला तो चिकटलाच.

त्याचे परिणाम आम्ही घराघरांत पाहिले. मुलगी जळगावची आहे म्हटल्यावर बोलणी मोडायची. मुलींचं कॉलेज बंद झालं, सायकली विकल्या गेल्या. काही आया रात्री चोरून आमच्याकडे यायच्या आणि एकच विचारायच्या, "ताई, माझ्या पोरीचं नाव तर नाही ना कुठं?" ज्यांची नावं नव्हती त्यांचीही झोप उडाली होती. आणि ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झाला होता, त्यांतल्या फारच थोड्या पुढे आल्या. बाकीच्यांची लग्नं घाईघाईनं लावून दिली गेली. एकेका मुलीला न्यायालयापर्यंत आणताना तपास करणाऱ्यांची काय दमछाक झाली असेल ते आम्ही बाहेरून पाहत होतो.

त्या थोड्या मुली कोर्टात उभ्या राहिल्या. समोर नामांकित वकील, बाहेर आरोपींची माणसं, घरी आईबापांचा हुंदका. खटल्यांचा शेवट आपल्या मनासारखा झाला नाही. सत्र न्यायालयात शिक्षा झाल्या, आणि प्रमुख आरोपी पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. फिर्याद द्यायला उशीर झाला, हा मुद्दा अशा खटल्यांत नेहमीच मुलीच्या विरुद्ध जातो. चार वर्षं फोटोच्या धाकाखाली जगलेली मुलगी फिर्याद द्यायला उशीर नाही करणार तर काय करेल, हा प्रश्न आम्ही तेव्हा मोर्चात विचारत होतो. कागदावर तो कोणी मांडला का, हे आम्ही पाहिलं नाही. तिथंच आमची चूक आहे, आणि या संपादकीयाचा विषयही तोच आहे.

सत्र न्यायाधीश करतो काय? आपल्या डोक्यात चित्र असतं की दोन्हीकडचे वकील भांडतात, न्यायाधीश ऐकतो आणि शेवटी निकाल देतो. प्रत्यक्षात सगळ्यात मोठं काम मधेच होऊन जातं, आणि तेही आवाज न करता. साक्षीदार बोलते, न्यायाधीश ऐकतो आणि शेजारी बसलेल्या स्टेनोला तिचं बोलणं सांगतो. ते टाईप होतं. वरच्या न्यायालयात जातो तो हा टाईप झालेला कागद. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती बाई पाहिलेली नसते, तिचा थरथरता हात पाहिलेला नसतो. ती कुठे थांबली, कुठे पदर डोळ्याला लावला, कोणत्या प्रश्नाला आरोपीच्या भावाकडे बघून गप्प झाली, हे त्यांना कुठून कळणार? जे लिहिलं गेलं तेच त्यांच्यासाठी घडलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये तरतूद होती की साक्षीदाराचं वागणं, हावभाव न्यायाधीशाला महत्त्वाचे वाटले तर त्याची नोंद त्यानं साक्षीबरोबर करावी. किती साक्षींवर अशी नोंद आढळते? मी ज्या काही चाळल्या त्यांत मला एकदाच आढळली.

आता हे आपल्या खानदेशात कसं होतं ते पाहा. एका तालुक्याच्या गावी, कोर्टाचं नाव सांगत नाही, एका विनयभंगाच्या खटल्यात मी मागच्या बाकावर बसले होते. मुलगी अहिराणी बोलणारी. वकिलानं विचारलं, आरोपी तुला कधीपासून ओळखतो? ती म्हणाली, "तो मन्हा मांगे पडेल व्हता." तो माझ्या मागे लागला होता, छळत होता. न्यायाधीश बाहेरच्या भागातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी स्टेनोला जे सांगितलं त्याचा अर्थ होत होता की आरोपीला मी आवडत असे. मुलीला ते कळलंच नाही. सरकारी वकील कागद चाळत होता. आरोपीच्या वकिलाला मात्र बरोबर कळलं. त्या एका वाक्यावर त्यानं सगळं प्रेमप्रकरण उभं केलं. पुढच्या तारखेला मुलीची आई मला म्हणाली, "पोरनी आसं काई सांगंच नव्हतं व माय." खरंच सांगितलं नव्हतं. पण कागदावर तेच होतं, खाली तिची सहीही होती.

दुसरीकडे एका कोर्टात मी याच्या उलट पाहिलं. न्यायाधीश बाईच होत्या. आदिवासी पावरा स्त्रीची साक्ष चालली होती. ती एक शब्द बोलली तो कोणालाच समजला नाही. दुभाष्यानं गुळगुळीत मराठी प्रतिशब्द दिला. न्यायाधीश म्हणाल्या, "थांबा. तिचाच शब्द लिहा. मग कंसात अर्थ." आणि तो शब्द तसाच टाईप झाला. उलटतपासणीत वकील त्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवू लागला तेव्हा सरकारी वकिलाला बोलायला काहीतरी होतं. फार मोठं काही घडलं नव्हतं, दीड मिनिटाचं काम. त्या न्यायाधीशांचं नाव मी तेव्हा विचारलंही नाही.

खालच्या न्यायालयात जे लिहिलं जातं ते वर कसं पोचतं, याचा सगळ्यात कडू धडा आपल्या चळवळीनं आधीच घेतलेला आहे. मथुरेचा खटला आठवा. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १ जून १९७४ ला चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी पोलिसांना सोडलं, आणि सोडताना तिच्याबद्दल लिहिलं की ती खोटं बोलणारी आहे आणि शरीरसंबंधांची तिला सवय आहे. १९७६ साली नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. बलात्काराला घाबरून शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, असं त्या न्यायमूर्तींना दिसलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना पुन्हा सोडलं. मग १९७९ सालचं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांचं जाहीर पत्र, त्यानंतर मुंबई-पुण्यातले मोर्चे, आणि १९८३ सालचा कायद्यातला बदल. हे आपल्याला पाठ आहे. पण आपण पत्र लिहिलं ते दिल्लीच्या न्यायमूर्तींना. चंद्रपूरच्या त्या पानावर आपण फारसं बोललो नाही. तिथं एका माणसानं एका मुलीकडे पाहून जे मत बनवलं, ते चार वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कामाला आलं.

कायद्यानं सत्र न्यायाधीशाचे हात बांधलेले नाहीत, हे आपण लक्षात ठेवायला हवं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ नं त्याला कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला होता. १५१ आणि १५२ या कलमांनी असभ्य आणि अपमान करण्यासाठीच विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार दिला होता. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले, पण हे अधिकार नव्या कायद्यातही आहेत. १९८३ पासून बलात्काराचा खटला बंद दालनात चालवायचा असतो. आणि १६ जानेवारी १९९६ च्या गुरमीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायालयांना स्पष्ट सांगितलं की पीडित मुलीची उलटतपासणी चालू असताना मुके प्रेक्षक होऊन बसू नका. त्या खटल्यातही खालच्या न्यायालयानं आरोपींना सोडलं होतं आणि मुलीच्या चारित्र्यावर शेरे मारले होते. म्हणजे १९९४ साली जळगाव प्रकरण उघडकीला आलं आणि त्याचे खटले चालू होते, त्याच काळात देशातल्या न्यायाधीशांना ही समज द्यावी लागत होती. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवायला परवानगी देणारं पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) तर २००३ साली गेलं. जळगावच्या मुली साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा ते जिवंत होतं. भाटकर असोत की दुसरं कोणी, त्या काळातल्या न्यायाधीशापुढे वकिलाला असा प्रश्न विचारायला कायद्याचंच पाठबळ होतं.

बायकांचे खटले बाई न्यायाधीशांपुढे चालावेत, ही आपली जुनी मागणी. ती २००८ सालच्या दुरुस्तीनं बरीचशी मान्य झाली. शक्य तिथवर बलात्काराचा खटला स्त्री न्यायाधीशापुढे चालवावा असं प्रक्रिया संहितेत आलं. मला या मागणीबद्दल पूर्वी जेवढी खात्री होती तेवढी आता नाही. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण नागपूरचं. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी निकाल दिला की बारा वर्षांच्या मुलीचे कपडे न काढता तिच्या छातीला हात लावला तर तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही, कारण कातडीला कातडी लागली नाही. त्या स्वतः जिल्हा न्यायाधीश म्हणून काम करून वर गेलेल्या. ज्या विशेष न्यायालयाचा निकाल त्यांनी बदलला, त्या खालच्या न्यायालयानं आरोपीला पोक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा दिली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून खालच्या न्यायालयाचंच बरोबर ठरवलं. म्हणजे या प्रकरणात बाई असूनही कळलं नाही, आणि खालचं न्यायालय असूनही कळलं.

दुसरं कारण असं की बाई न्यायाधीशाला 'बायकांच्या' खटल्यांत बांधून टाकलं तर बाकीचं सगळं पुन्हा पुरुषांकडे. धुळ्याचं उदाहरण घ्या. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत झोपडपट्टीतल्या लोकांच्या घरांचे पैसे कसे गेले त्याचा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ ला न्यायाधीश सृष्टी नीळकंठ यांनी ४८ आरोपींना दोषी ठरवलं. त्यांत सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर हे दोन माजी मंत्री होते. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड झाला. अपिलं वर गेली, जामीन झाले, ते वेगळं. पण ज्या जिल्ह्यात १९९४ मध्ये वजनदार माणसाविरुद्ध पोरीचं तोंड उघडत नव्हतं, त्या खानदेशात पंचवीस वर्षांनी एका बाईनं खुर्चीवर बसून इतक्या वजनदार माणसांना दोषी ठरवलं. घरकुलं मिळाली नाहीत त्यांत बायकाच जास्त होत्या, कारण झोपडीत पावसाचं पाणी कोण उपसतं? हाही बायकांचाच खटला होता. पण आमच्या त्या वर्षीच्या एकाही अंकात त्याची नोंद नाही. आम्ही तो 'राजकारणाचा' म्हणून सोडून दिला.

या निमित्तानं एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यासारख्याच मासिकवाल्या बाईची आहे. ॲना चंडी या त्रावणकोरच्या. त्यांनी 'श्रीमती' नावाचं बायकांचं मासिक काढलं, त्यात नोकरी करणाऱ्या बायकांची बाजू घेऊन लिहिलं. १९३१ साली विधिमंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तर भिंतींवर त्यांच्याबद्दल नको नको ते लिहून त्यांना हरवलं. पुढच्याच वर्षी त्या निवडून आल्या. १९३७ साली मुन्सफ म्हणून नेमणूक झाली, १९४८ ला जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि १९५९ ला केरळ उच्च न्यायालयात गेल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश म्हणतात त्या ह्या. इकडे आपल्या जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, त्याचा सत्कार आपल्याकडे गावोगाव झाला. तालुक्याच्या कोर्टात रुजू झालेल्या पहिल्या बाईचा सत्कार कुठल्या गावानं केला असेल असं मला वाटत नाही. तिला तर गावात कोणाकडे जेवायला जायचीही सोय नसते. आज ज्याच्याकडे जेवली त्याचा खटला उद्या तिच्यापुढे येऊ शकतो. तीनेक वर्षांनी बदली ठरलेली. मुलांची शाळा एका गावात, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या. निकालपत्रं रात्री घरी लिहायची. पट्टेवाला बाहेर ओरडतो "साहेब आले!" आणि आत येतात त्या बाई.

मृदुला भाटकरांचं पुढचं काम थोडक्यात सांगते, कारण खालच्या न्यायालयात घडलेला माणूस वर जाऊन काय करतो ते त्यात दिसतं. मुंबईत मोक्का न्यायालयाच्या न्यायाधीश असताना २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांचा खटला काही काळ त्यांच्यापुढे होता. २००९ साली त्या उच्च न्यायालयात गेल्या. आणि ४ मे २०१७ ला न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि त्यांच्या खंडपीठानं बिल्किस बानो प्रकरणातला निकाल दिला. २०१९ ला त्या निवृत्त झाल्या आणि नंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष झाल्या.

बिल्किसच्या निकालाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दाहोद जिल्हा आपल्या नंदुरबारहून काही फार लांब नाही. ३ मार्च २००२ ला तिथं तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिची तीन वर्षांची मुलगी आणि घरची माणसं तिच्या डोळ्यांदेखत मारली गेली. तिथल्या पोलिसांनी वर्दीच अशी लिहिली की त्यात बलात्काराचा उल्लेख नाही, आरोपींची नावं नाहीत. पुन्हा तेच. बाई बोलली एक, लिहिलं गेलं दुसरं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली खटला महाराष्ट्रात आणला. मुंबईच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश यू. डी. साळवी यांच्यापुढे बिल्किसची साक्ष झाली. ती त्या माणसांना लहानपणापासून ओळखत होती, तिनं त्यांना ओळखलं, आणि न्यायाधीशांनी तिच्यावर विश्वास ठेवला. जानेवारी २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. एका पोलिसालाही शिक्षा झाली. पण पाच पोलीस आणि दोन डॉक्टर सुटले. २०१७ साली ताहिलरमाणी आणि भाटकर यांनी ११ जणांची जन्मठेप कायम केली, आणि त्या सुटलेल्या सात जणांनाही दोषी ठरवलं. पुरावा दडवणारा आणि चुकीची नोंद करणारा हासुद्धा गुन्हेगार आहे, असं दोन स्त्री न्यायमूर्तींनी म्हटलं. फाशीची सीबीआयची मागणी मात्र त्यांनी फेटाळली. आपल्यातल्या काही जणींना तेव्हा ते आवडलं नव्हतं. मला ते बरोबर वाटलं होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारनं त्या ११ जणांना सोडलं तेव्हा निवृत्त झालेले साळवी गप्प राहिले नाहीत, त्यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. ८ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्ज्वल भुयान यांनी ती सुटका रद्द केली. आपण त्या दिवशी पेढे वाटले, पोस्टर लावलं, दिल्लीच्या न्यायमूर्तींचे आभार मानले. मानायलाच हवेत. पण ही सगळी इमारत मुंबईतल्या एका खालच्या न्यायालयात लिहिल्या गेलेल्या साक्षीवर उभी होती. ती साक्ष नीट लिहिली गेली नसती तर वरचे काय करणार होते?

आता जे लिहायला मला जड जातंय ते लिहिते. जळगाव प्रकरणानंतर काही वर्षांनी यावल भागातल्या एका मुलीचा खटला आमच्याकडे आला. केळीच्या मळ्यात मजुरीला जाणारी. मुकादमानं अत्याचार केला होता. गुन्हा दाखल होत नव्हता, म्हणून आम्ही मोर्चा काढला. पन्नास-साठ बायका तापत्या उन्हात चालल्या. गुन्हा दाखल झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी पुढे आहे. नंतर खटला उभा राहिला तेव्हा साक्षीच्या तारखा सारख्या बदलत होत्या. पहिल्या दोन तारखांना आमच्यातली एक जण गेली. तिसऱ्या तारखेला शिबिर होतं, कोणीच गेलं नाही. त्याच दिवशी तिची साक्ष झाली. ती एकटी होती. बाप बाहेर झाडाखाली बसला होता, त्याला आत यायचं धैर्य नव्हतं. ती फितूर झाली, असं आम्हाला कळवण्यात आलं. फितूर! जणू काही तिनं पैसे खाल्ले. पुढे कधीतरी ती बाजारात भेटली. मी विचारलं, का ग असं केलंस? ती म्हणाली, "ताई, मी सांगत व्हती. त्या लिहीत नव्हतात." पुढे काही बोलली नाही. पिशवीत वांगी होती, ती सावरली आणि गेली.

तिची साक्ष मी नंतर नक्कल काढून वाचली. साडेतीन पानं. तीत कुठेही ती रडली, थांबली, घाबरली याची एका ओळीची नोंद नाही. एके ठिकाणी लिहिलंय की साक्षीदार प्रश्नाचं उत्तर देत नाही. कोणत्या प्रश्नाचं, तेही नाही. तिथं मागच्या बाकावर आमच्यातली एक जण बसली असती तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. खटला बंद दालनात चालला असता तर आम्हाला आत सोडलंही नसतं. पण कायद्यानं न्यायाधीशाला अधिकार आहे की पीडितेला आधार म्हणून एखाद्या माणसाला आत बसू द्यावं. तसा अर्ज सरकारी वकिलामार्फत द्यायचा असतो, आणि तो आधी द्यायचा असतो. आम्ही तो कधी दिलाच नव्हता. तो देता येतो हेसुद्धा आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून या अंकापासून आम्ही एक काम हाती घेतलं आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, शिरपूर आणि चोपडा इथल्या गटांनी आपापल्या कोर्टात आठवड्यातून एक दिवस जाऊन बसायचं. ज्या खटल्यात आपला संबंध आहे तिथंच नव्हे, कुठल्याही. बोर्ड बघायचा, खुल्या न्यायालयात चालणाऱ्या साक्षी ऐकायच्या. वहीत लिहायचं ते एवढंच: तारीख, न्यायाधीशांचं नाव, साक्षीदार कोणत्या भाषेत बोलली, कोणत्या भाषेत नोंद झाली, न्यायाधीशांनी स्वतः प्रश्न विचारला का, वकिलाला थांबवलं का, साक्षीदाराला पाणी दिलं का, बसायला दिलं का. निकालावर टीका-टिप्पणी नको, चालू खटल्यावर बाहेर बोलायचं नाही. कोणी विचारलं तर सांगा, खुलं न्यायालय आहे, ऐकायला आलो आहोत. बंद दालनातल्या खटल्यात आधाराच्या व्यक्तीसाठी करायच्या अर्जाचा मराठी नमुना आम्ही वकील मैत्रिणींकडून तयार करून घेत आहोत, तो पुढच्या अंकात छापू.

आणि चांगलं दिसलं तर तेही लिहा. एखाद्या न्यायाधीशानं शब्द थांबवून विचारला, बाईला "घाबरू नका, हळू सांगा" म्हटलं, तर नाव लिहून पाठवा. आपल्याला इतकी वर्षं फक्त तक्रारीचीच नोंद ठेवायची सवय लागली आहे.

पहिली वही चोपड्याच्या गटाकडून आली आहे. सात खटले, दोन न्यायाधीश, दोन्ही नावं शुद्ध लिहिलेली. त्यात एका पानावर गटातल्या एका आजीबाईनं, तिला लिहिता येत नाही म्हणून नातीकडून, लिहवून घेतलंय: "बाई साहेबनी पोरले खुर्ची दिधी." त्याखाली तारीख आहे.